घरी निगेटिव्ह स्कॅन करायच्या, तर सॉफ्टवेअर कोणते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी १९८५ ते २००४ च्या दरम्यान काढलेल्या ३५ मिमी निगेटिव्हचे साधारण चाळीस रोल घरात आहेत. बहुतेक रंगीत, थोडे कृष्णधवल, शिवाय स्लाइडचा एक डबा. त्यासाठी प्लस्टेक ऑप्टिकफिल्म ८२००आय घेतला, त्यासोबत सिल्व्हरफास्ट एसई प्लस मिळाले. भावाकडे एपसन व्ही६०० पडून आहे. सिल्व्हरफास्टवर लग्नाच्या एकाच रोलमधल्या प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येतोय. व्ह्यूस्कॅन घ्यावे का, फुकटातले काही चालेल का, की मोबाइलचे अ‍ॅप पुरेसे आहे?

आधी थेट उत्तर देतो. स्कॅन करायला व्ह्यूस्कॅनची प्रोफेशनल आवृत्ती घ्या, पण निगेटिव्ह उलटवून पॉझिटिव्ह करायचे काम त्यात करू नका. ते डार्कटेबल या फोटो सुधारायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये करा, आणि लाइटरूम क्लासिक या वर्गणीच्या सॉफ्टवेअरचे सभासदत्व आधीपासून असेल तर निगेटिव्ह लॅब प्रो या त्याच्या प्लगइनमध्ये. आता असे का, ते सांगतो. कारण कळले की पुढे स्कॅनर बदलला, कॉम्प्युटर बदलला, तरी निर्णय तुमचा तुम्हाला घेता येईल.

स्कॅनरचे सॉफ्टवेअर एका खिडकीत दोन वेगळी कामे करते. पहिले काम यंत्र चालवण्याचे: दिवा लावणे, सेन्सर सरकवणे, किती प्रकाश घ्यायचा ते ठरवणे आणि फिल्ममधून जे आले ते आकड्यांत उतरवून देणे. दुसरे काम त्या आकड्यांचा अर्थ लावण्याचे: निगेटिव्ह उलटवणे, नारिंगी झाक काढणे, रंग जुळवणे, धार वाढवणे. पहिल्या कामासाठी तुम्हाला पट्टी पाकिटातून काढावी लागते, ब्लोअरने धूळ उडवावी लागते, होल्डरमध्ये सरळ बसवावी लागते आणि ८२००आयमध्ये तर प्रत्येक फ्रेमला होल्डर हाताने पुढे सरकवावा लागतो. ३६ फ्रेमचा एक रोल म्हणजे एक अख्खी संध्याकाळ. चाळीस रोलांसाठी हे तुम्ही एकदाच करणार आहात, दुसऱ्यांदा कोणी करत नाही. दुसरे काम मात्र खुर्चीत बसून, फिल्मला हात न लावता, पाच वर्षांनी अधिक चांगले सॉफ्टवेअर आले की पुन्हा करता येते. म्हणून स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरला विचारायचा पहिला प्रश्न ‘रंग कसे येतात’ हा नव्हेच. ‘सेन्सरने जे पाहिले ते न बदलता, पूर्ण बिटांत, फाइलमध्ये देतोस का’ हा आहे.

व्ह्यूस्कॅन ते देते. हॅमरिक सॉफ्टवेअरचे हे उत्पादन १९९८ पासून चालू आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते, आणि स्कॅनर बनवणाऱ्यांनी वाऱ्यावर सोडलेली हजारो मॉडेल त्यात अजून चालतात. एकच परवाना तुमच्या प्लस्टेकलाही चालेल आणि भावाच्या एपसनलाही. सिल्व्हरफास्टचे तसे नाही, त्याचा परवाना स्कॅनरच्या मॉडेलला बांधलेला असतो. प्लस्टेकसोबत आलेली प्रत एपसनला चालणार नाही. चाळीस रोलांत मधेच यंत्र बिघडले आणि दुसऱ्या जातीचा स्कॅनर घ्यावा लागला, तर पुन्हा पैसे मोजायचे. मला हा व्यवहार पटत नाही, मग सॉफ्टवेअर कितीही देखणे असो. व्ह्यूस्कॅन देखणे अजिबात नाही. त्याचा तोंडवळा तहसील कचेरीतल्या अर्जासारखा आहे: रकानेच रकाने, आणि एक रकाना बदलला की दुसरे तीन गायब. पहिल्या दिवशी वैताग येईल, पण एका रोलची जुळणी बसली की ती नावाने सेव्ह करून ठेवता येते आणि मग त्या रकान्यांकडे बघावे लागत नाही.

आता तुमच्या रंगांच्या तक्रारीकडे येतो, कारण खरा घोळ तिथे आहे.

रंगीत निगेटिव्ह नारिंगी का दिसते? फिल्ममधले निळसर आणि किरमिजी रंगद्रव्य आदर्श नसते. ज्या प्रकाशाला त्याने मोकळी वाट द्यायची त्यातलाही थोडा ते अडवते. ही उणीव भरून काढण्यासाठी फिल्म बनवतानाच रंगीत कपलर (रंगद्रव्य तयार करणारी रसायने) घातलेले असतात, आणि त्यामुळे सबंध पट्टीवर सारखी नारिंगी झाक राहते. १९७२ पासून चालत आलेल्या सी-४१ या धुलाईच्या पद्धतीच्या सगळ्या नेहमीच्या फिल्मना ती असते. कंपनीनुसार छटा थोडी वेगळी, आणि जुन्या पट्ट्यांत वयानुसार आणखी वेगळी. या झाकेमुळे निळ्या प्रकाशाची मोठी गळचेपी होते. कोऱ्या फिल्ममधून लाल प्रकाश जेवढा पार होतो त्याच्या चौथा-पाचवा हिस्साच निळा पार होतो. म्हणजे ८ बिटांत सरळसोट स्कॅन केला तर लालच्या वाट्याला २५६ पायऱ्या आणि निळ्याच्या वाट्याला जेमतेम ५०-६०. उलटवताना त्याच ५०-६० पायऱ्या ताणून २५६ करायच्या म्हटल्यावर आकाशात पट्टे आणि सावल्यांत डाग पडणारच. म्हणून निगेटिव्ह ८ बिटांत किंवा जेपेगमध्ये स्कॅन करू नये. प्रत्येक रंगाला १६ बिट हवेत, म्हणजे सॉफ्टवेअरच्या भाषेत ४८ बिट.

हे झाले झाकेचे. प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येतो तो दुसऱ्या कारणाने.

लग्नाचाच रोल घ्या. हळदीची फ्रेम आहे: नवरीचे हात, गाल, कपाळ हळदीने माखलेले, अंगावर पिवळी साडी, मागे झेंडूच्या माळा. सॉफ्टवेअरचा ऑटो कलर असे धरून चालतो की कुठल्याही चित्रातल्या सगळ्या रंगांची सरासरी राखाडी यायला हवी. त्याला पिवळे फार दिसले, म्हणजे ही फिल्मवरचीच झाक असणार, असा त्याचा समज होतो आणि तो निळा ओततो. हळद पांढुरकी होते, मागची चुन्याची भिंत निळसर होते आणि नवरी आजारी दिसते. पुढच्या फ्रेममध्ये मामा-काका पांढऱ्या शर्टांत ओळीने उभे, ती बरोबर येते. त्यापुढे लाल शालूतली जोडी, आता लाल जास्त म्हणून चित्र हिरवट-निळे. तिन्ही फ्रेम एकाच रोलवर, एकाच मांडवात, एकाच फ्लॅशवर काढलेल्या. फिल्ममध्ये रंग सारखेच नोंदले गेलेत, गोंधळ अर्थ लावणाऱ्याचा आहे.

हे दुखणे नवीन नाही. राखाडी सरासरीची ही युक्ती कोडॅकच्या राल्फ एव्हान्स यांनी १९४० च्या दशकात छपाईसाठी मांडली आणि पुढे जगभरच्या कलर लॅबमधली प्रिंटिंग यंत्रे तिच्यावर चालली. असा फसलेला फोटो आला की लॅबमध्ये आम्ही त्याला सब्जेक्ट फेल्युअर म्हणायचो. मिनीलॅबच्या पडद्यापुढे बसलेला ऑपरेटर हळदीची फ्रेम ओळखायचा आणि पिवळ्याची कळ दाबून प्रिंट सावरायचा. घरच्या स्कॅनरपुढे तो ऑपरेटर नाही. त्यामुळे इलाज एकच: प्रत्येक फ्रेमचा वेगळा अंदाज बांधू द्यायचा नाही. सबंध रोलचा हिशोब एकदा करायचा आणि तोच सगळ्या फ्रेमना लावायचा.

व्ह्यूस्कॅनमध्ये ते असे होते. मीडियाच्या रकान्यात कलर निगेटिव्ह ठेवा. रोलमधली अशी पट्टी घ्या जिच्या टोकाला कोरी फिल्म आहे. कोरी म्हणजे धुवून स्वच्छ नारिंगी राहिलेली. रोलच्या सुरुवातीचा जो तुकडा कॅमेऱ्यात भरताना उजेडात येतो तो धुतल्यावर काळाकुट्ट होतो, तो घेऊ नका. कोरे टोक न मिळाल्यास दोन फ्रेमच्या मधली चिंचोळी पट्टीही चालते. प्रिव्ह्यू घ्या, निवडीची चौकट त्या कोऱ्या भागावर आणा, इनपुट टॅबमध्ये ‘लॉक एक्सपोजर’वर खूण करा. पुन्हा प्रिव्ह्यू घ्या आणि आता ‘लॉक फिल्म बेस कलर’वर खूण करा. झाले. आता या रोलपुरते प्रकाशाचे प्रमाण आणि झाकेचा रंग दोन्ही गोठले. हळद असो की पांढरे शर्ट, स्कॅनर दोन्हींना एकाच मापाने मोजेल. नवीन रोल आला की ही कसरत पुन्हा करायची. फिल्मची कंपनी तीच असली तरी करायची, कारण धुलाई वेगळ्या दिवशी, वेगळ्या रसायनात झालेली असते.

त्यानंतर आउटपुट टॅबमध्ये ‘रॉ फाइल’ चालू करा आणि प्रकार ६४ बिट आरजीबीआय निवडा. आरजीबी म्हणजे लाल, हिरवा, निळा; शेवटचा आय इन्फ्रारेडचा, त्याची गरज पुढे येते. जेपेगही सोबत काढून घ्या, घरच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला तो बरा पडतो आणि कुठली फ्रेम कुठे आहे हे शोधायलाही. व्ह्यूस्कॅनमध्ये फिल्मच्या नावानिशी याद्या दिसतील, अमुक कंपनीची तमुक फिल्म. त्यात वेळ घालवू नका. त्या याद्या ताज्या फिल्मच्या मोजमापावर बनलेल्या असतात. तीस वर्षे कपाटात, तेही आपल्या हवेत राहिलेल्या पट्टीचे रंग सारखे उतरलेले नसतात. नाव जुळले तरी रंग जुळेलच असे नाही. जेनेरिक ठेवा.

सिल्व्हरफास्टवर अन्याय नको. जर्मनीतल्या कील शहरातल्या लेझरसॉफ्ट इमेजिंगचे हे सॉफ्टवेअर जुने आणि मुरलेले आहे. त्यातले इन्फ्रारेडवरचे धूळ-सफाईचे साधन, आयएसआरडी, माझ्या मते व्ह्यूस्कॅनपेक्षा सरस आहे. त्यात धूळ कुठे ओळखली जातेय ते पडद्यावर दिसते आणि तीव्रता कमी-जास्त करता येते. तुमच्याकडे ते आलेलेच आहे, तेव्हा आणखी खर्च करण्याआधी एक गोष्ट तपासा: स्कॅनचा प्रकार निवडायच्या यादीत ४८ बिट एचडीआर किंवा ६४ बिट एचडीआरआय असे काही दिसते का. आवृत्तीनुसार ही सोय असते-नसते. दिसत असेल तर तुमच्याकडे कच्ची फाइल देणारे सॉफ्टवेअर आधीच आहे, आणि एका स्कॅनरवर भागत असेल तर व्ह्यूस्कॅनचे पैसे वाचवा. रंगांसाठी तिथेच काम उरकायचे झाले तर नेगाफिक्स या निगेटिव्ह उलटवायच्या विभागातली सीसीआर नावाची आपोआप होणारी रंगदुरुस्ती बंद करा आणि एका बऱ्या फ्रेमची जुळणी पुढच्या फ्रेमना तशीच लावा. हळदीचा प्रश्न बराच सुटेल.

त्यातल्या मल्टी-एक्सपोजरच्या मोहात मात्र निगेटिव्हसाठी पडू नका. दोन वेगवेगळ्या प्रकाशमानांवर स्कॅन करून गडद भागातला तपशील वाढवायची ती युक्ती आहे. स्लाइडच्या काळ्याभोर सावल्यांत तिचा उपयोग दिसतो. निगेटिव्ह मुळात तेवढी दाट नसतेच, त्यामुळे वेळ दुप्पट आणि फरक भिंग लावून शोधावा लागेल एवढा.

भावाच्या व्ही६०० सोबतचे एपसन स्कॅन फुकट आहे, सोपे आहे, आणि फक्त अल्बमपुरते फोटो हवे असतील तर वाईट नाही. प्रोफेशनल मोड, ४८ बिट, अनशार्प मास्क (धार वाढवण्याची सोय) बंद, आणि लघुचित्रांऐवजी साधा प्रिव्ह्यू, एवढे करा. लघुचित्रांत ते फ्रेमच्या कडा कापते, आणि ग्रुप फोटोत कडेला उभा राहिलेला माणूस हमखास अर्धा जातो. हिस्टोग्रामची (उजेड-अंधाराच्या आलेखाची) टोकेही हाताने थोडी बाहेर ओढा, नाहीतर शुभ्र कपड्यांवरच्या सुरकुत्या आपोआप गायब झालेल्या सापडतील. पण न उलटवलेली कच्ची फाइल आणि तिच्यासोबत इन्फ्रारेडची वेगळी नोंद हवी असेल तर व्ही६०० लाही व्ह्यूस्कॅनच लागेल. तो स्कॅनर विकू मात्र नका. आजोबांच्या अग्फा क्लिक-३ सारख्या कॅमेऱ्यातल्या १२० या रुंद फिल्मच्या चौकोनी निगेटिव्ह कुठल्या ट्रंकेत सापडल्या, तर प्लस्टेकमध्ये त्या शिरणारच नाहीत. व्ही६०० चा खरा तपशील जाहिरातीतल्या ६,४०० डीपीआयचा (इंचाला ठिपक्यांचा) नाही, स्वतंत्र चाचण्यांत तो दीड हजाराच्या आसपास भरतो. पण ६×६ सेंटिमीटरच्या निगेटिव्हला तेवढ्यातही साधारण ३,३०० × ३,३०० पिक्सेल मिळतात. त्यातून भिंतीवर लावण्याजोगा प्रिंट निघतो.

तुमच्या प्लस्टेकलाही हाच न्याय. त्यावर ७,२०० लिहिलेले आहे, प्रत्यक्षात ३,२०० ते ३,८०० च्या दरम्यान. ३,६०० वर स्कॅन करा. ३५ मिमीची एक फ्रेम १६ बिटांत, इन्फ्रारेड धरून, साधारण १४० एमबी होते. रोलला ५ जीबी, चाळीस रोलांना २०० जीबी. हे कुठल्याही हार्ड डिस्कवर मावते, आणि दुसऱ्या डिस्कवर त्याची प्रतही ठेवता येते. ७,२०० वर गेलात तर चौपट, म्हणजे ८०० जीबी, वेळ त्याच पटीत, आणि हाती येतो मोठा केलेला दाणा. कोडॅक केबी१० सारख्या प्लॅस्टिकच्या भिंगाच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंत तर ३,६०० सुद्धा चैन आहे. एखादी फारच जिव्हाळ्याची फ्रेम असेल, मोठा प्रिंट काढायचा असेल, तेवढीच ७,२०० वर घेऊन नंतर अर्धी करा. थोडी जास्त स्वच्छ मिळते.

आता धूळ. ८२००आय आणि व्ही६०० दोन्हींत इन्फ्रारेड दिवा आहे, आणि घरच्या जुन्या निगेटिव्हसाठी मी याला रंगांइतकेच महत्त्व देतो. रंगीत फिल्मची रंगद्रव्ये इन्फ्रारेडला पारदर्शक असतात. धूळ, केस, ओरखडा त्याला अडवतात. त्यामुळे चौथ्या नोंदीत फक्त घाण उमटते, चित्र उमटत नाही, आणि सॉफ्टवेअरला पुसायचे काय ते अचूक कळते. सॉफ्टवेअरमध्ये याशिवाय दुसरी एक धूळ-सफाई असते जी इन्फ्रारेडविना, नुसत्या चित्राकडे बघून अंदाज करते. ती बंद ठेवा. मंगलाष्टकांची फ्रेम डोळ्यांपुढे आणा: अंतरपाट नुकताच दूर झालाय, अक्षता हवेत आहेत. निगेटिव्हवरची धूळ उलटवल्यावर पांढरे ठिपके होऊन दिसते आणि हवेतल्या अक्षताही पांढरे ठिपकेच. अंदाजपंचे सफाईला दोन्ही एकच. ती निम्म्या अक्षता उचलून नेते आणि जिथे दोन-चार दाणे जवळ-जवळ होते तिथे धुरकट फराटा ठेवते. इन्फ्रारेडला मात्र अक्षता दिसतच नाहीत, कारण त्या फिल्मच्या रंगद्रव्यात आहेत, फिल्मवर बसलेल्या नाहीत. व्ह्यूस्कॅनमध्ये इन्फ्रारेड सफाई ‘लाइट’वर ठेवा. ‘हेवी’ने चित्र मऊ पडते.

कृष्णधवल रोलांना हे सगळे बंद. तिथे चित्र खऱ्या चांदीचे असते आणि चांदी इन्फ्रारेड अडवते. सॉफ्टवेअर चित्रालाच धूळ समजून पुसू लागते, आणि चेहऱ्यांच्या कडा वितळल्यागत होतात. अपवाद इल्फर्ड एक्सपी२ सारख्या फिल्मचा, ज्या कृष्णधवल दिसल्या तरी सी-४१ मध्ये धुतल्या जातात आणि ज्यांत शेवटी चांदी उरत नाही. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची इंदू किंवा पूर्व जर्मनीची ओर्वो निघाली तर ती चांदीचीच समजा. अशा पट्ट्या १६ बिट ग्रेमध्ये, हिरव्या रंगाच्या नोंदीवरून स्कॅन करा, ती बहुधा सर्वांत धारदार असते. डाग नंतर हाताने काढायचे, दुसरी वाट नाही. स्लाइडच्या डब्यात कोडाक्रोम असतील तर त्याही अवघड: त्यांतले निळसर द्रव्य थोडे इन्फ्रारेड अडवते, म्हणून साध्या सफाईने तपशील खाल्ला जातो. सिल्व्हरफास्टमध्ये कोडाक्रोमसाठी वेगळी सोय आहे. तो डबा तुमच्याकडे असलेल्या सिल्व्हरफास्टवरच करा.

बुरशीबद्दल एक कटू गोष्ट सांगून ठेवतो. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळे काढलेल्या पट्ट्यांवर जाळीदार नक्षी दिसते. ती वर-वर असेल तर इन्फ्रारेड बरीचशी झाकते. पण बुरशी फिल्मच्या जिलेटिनवर जगते. तिने थरच खाल्ला असेल तर तिथले चित्र गेलेले असते आणि सॉफ्टवेअर शेजारचा रंग पसरून भोक बुजवते. साडीवर ते खपते, डोळ्यावर आले तर माणूस बदलतो. अशा फ्रेमची न पुसलेली फाइल जपून ठेवा. ६४ बिट आरजीबीआयचा आग्रह मी त्यासाठीच धरतोय: त्यात चित्र आणि घाणीचा नकाशा वेगवेगळे राहतात. व्ह्यूस्कॅनमध्ये सोर्सच्या रकान्यात स्कॅनरऐवजी फाइल निवडली की तीच फाइल वेगळ्या तीव्रतेने पुन्हा साफ करता येते, यंत्र सुरू न करता. साफ केलेली ४८ बिटांची प्रत डीएनजी किंवा टिफ या पूर्ण बिट राखणाऱ्या फाइल-प्रकारात काढायची आणि ती पुढच्या सॉफ्टवेअरला द्यायची. डार्कटेबलला इन्फ्रारेडची नोंद वापरता येत नाही, त्यामुळे सफाई त्याआधीच उरकलेली हवी.

उलटवण्याचे काम. डार्कटेबल फुकट आहे, आणि २०२० च्या ३.२ आवृत्तीपासून त्यात नेगाडॉक्टर नावाचा विभाग आहे. कोडॅकने सिनेमाच्या फिल्मसाठी तयार केलेल्या सिनिऑन पद्धतीवर तो बेतलेला आहे, म्हणजे नुसते रंग उलटे न करता फिल्मची घनता हिशोबात घेतो. कोऱ्या फिल्मचा रंग पिपेटने उचलायचा, मग सावल्यांचा आणि उजळ भागाचा तोल, मग छपाईच्या कागदासारखा कॉन्ट्रास्ट. तुम्ही रोलभर एक्सपोजर गोठवून स्कॅन केले आहे, म्हणून एका फ्रेमवर बसवलेली जुळणी कॉपी करून उरलेल्या पस्तीस फ्रेमना चिकटवता येते. इथे त्या लॉकची किंमत वसूल होते. मग चुकार फ्रेमपुरता उजेड थोडा इकडे-तिकडे करायचा. टिफ दिली असेल तर इनपुट प्रोफाइलमध्ये लिनिअर निवडायला विसरू नका, नाहीतर सगळे फिके दिसेल आणि तुम्ही नेगाडॉक्टरला दोष द्याल.

निगेटिव्ह लॅब प्रो हे लाइटरूम क्लासिकमध्ये चालणारे प्लगइन आहे. त्याचा पहिलाच निकाल डार्कटेबलपेक्षा गोड येतो, जुन्या लॅबच्या प्रिंटच्या जवळचा, आणि सबंध रोल एकत्र बघून जुळवायची सोयही त्यात आहे. व्ह्यूस्कॅनचे डीएनजी त्याला चालतात. अडचण पैशांची: प्लगइन एकदाच विकत घ्यायचे, पण लाइटरूम महिन्याच्या महिन्याला. केवळ या चाळीस रोलांसाठी मी तो वर्गणीचा पाट मांडणार नाही. रॉथेरपी या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्येही निगेटिव्हचे साधन आहे, चित्रातल्या दोन राखाडी जागा दाखवल्या की ते जुळवते. चालते, पण हळदीच्या फ्रेममध्ये राखाडी जागा शोधून दाखवा.

फोटोशॉपमध्ये नुसते इन्व्हर्ट करून बघितले असेल तर सगळे निळेशार आले असेल. नारिंगीच्या उलट निळे, एवढाच त्याचा अर्थ. फाइल खराब झालेली नाही.

विकत घेण्याआधी करून बघा. व्ह्यूस्कॅन आणि सिल्व्हरफास्ट दोन्हींच्या चाचणी आवृत्त्या फाइलवर खुणा उमटवतात, पण तुलनेला पुरतात. चाचणीसाठी सुंदर फोटो घेऊ नका. एक हळदीची फ्रेम, एक भर उन्हातली, एक फ्लॅशवर अंधारात काढलेली आणि एक बुरशी लागलेली, एवढ्या चार घ्या.

फाइलच्या नावात वर्ष, रोल क्रमांक आणि फ्रेम क्रमांक एवढेच ठेवा, उदाहरणार्थ १९९१-रोल०७-१४, आणि तोच रोल क्रमांक पाकिटावर पेन्सिलने लिहा. फ्रेम क्रमांक फिल्मच्या काठावर छापलेला असतो, स्वतः नवा देऊ नका. स्कॅनर फाइलला आजची तारीख देतो, त्यामुळे मोबाइलच्या गॅलरीत आजीचे लग्न कालच झालेले दिसते. डिजिकॅम हे फुकट सॉफ्टवेअर सबंध रोलची तारीख एका फटक्यात बदलून देते. अचूक दिवस माहीत नसेल तर त्या वर्षाची १ जानेवारी टाका, आणि पाकिटावर स्टुडिओने लिहिलेली तारीख असेल तर ती बघा. ती रोल धुवायला टाकल्याची असते, फोटो काढल्याची नव्हे. गणपतीचे फोटो दिवाळीच्या रोलवर सापडतात ते रोल संपेपर्यंत कॅमेऱ्यात पडून राहिल्यामुळे.

मोबाइलच्या अ‍ॅपबद्दल: निगेटिव्ह लाइट-टेबलवर किंवा टॅबच्या पांढऱ्या पडद्यावर धरून बघायला ते झकास. टॅबवर धरणार असाल तर पट्टी पडद्यापासून थोडी वर उचला, नाहीतर पडद्याचे पिक्सेल फोटोत येतात. चाळीस रोलांतले कुठले आधी स्कॅन करायचे, हे ठरवायला त्याच्याइतके जलद काही नाही.